जानेवारीतलं झाड

कृत्रिम ख्रिसमस झाड घ्यायचं असेल तर जानेवारीत घ्यावं. डिसेंबरात घासाघीस करणाऱ्याकडे क्रॉफर्ड मार्केटातला दुकानदार ढुंकूनही बघत नाही. नाताळ उलटला की तोच माणूस मऊ होतो. उरलेले लांबलचक खोके पुढचे अकरा महिने ठेवायचे कुठे, हा त्याचा प्रश्न असतो, आणि मुंबईत रिकामी जागा मालापेक्षा महाग पडते.

हा हिशेब रायगडातल्या रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात कुणाला नव्याने समजावून सांगावा लागणार नाही. रोह्याहून पनवेलकडे निघालेली गाडी पेणवरून जाते, आणि पेणने हा उलटा पंचांग-व्यवहार कधीच आत्मसात केला आहे. तिथे आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने जवळजवळ वर्षभर चालतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर पावसाळ्याच्या आधीच मार्गी लागतात. सणाची वस्तू सणाच्या महिन्यात फक्त दिसते. तिचं खरं आयुष्य इतर महिन्यांत असतं.

झाडाचंही तसंच, फक्त इथे हात मूर्तिकाराचे नाहीत, यंत्राचे आहेत. पीव्हीसीची पातळ हिरवी फिल्म घ्यायची, तिच्या अरुंद पट्ट्या पाडायच्या, पट्टीच्या कडेला बारीक काप द्यायचे आणि ती दोन तारांच्या मध्ये धरून तारांना पीळ घालायचा. पीळ बसताच ते काप चहूबाजूंनी फुलतात आणि पाइनची सुयांनी भरलेली फांदी तयार होते. बाटली धुण्याचा ब्रश ज्यांनी नीट पाहिला आहे त्यांना ही कृती ओळखीची वाटेल, आणि ते बरोबरच आहे. 1930च्या दशकात ब्रिटनमधल्या ॲडिस या ब्रश बनवणाऱ्या कंपनीने आपल्याच यंत्रांवर अशी झाडं काढली होती. त्याआधी जर्मनीत हिरवी रंगवलेली हंसाची पिसं तारेला गुंडाळत. 1959च्या सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावातून ॲल्युमिनियमची चकचकीत झाडं निघाली. धातूच्या फांद्यांवर विजेची माळ टाकणं धोक्याचं, म्हणून खाली रंगीत फिरतं चाक ठेवून प्रकाश पाडायचा. ती टूम फार वर्षं टिकली नाही. आजच्या महाग झाडांत फांद्यांची टोकं साच्यात ओतलेल्या पॉलिथिनची असतात. हाताला ती खऱ्या पाल्याच्या जवळची लागतात.

पॉलिथिन म्हटलं की रोहेकरांना नागोठणं आठवावं. याच तालुक्यात पूर्वी आयपीसीएलचा आणि आता रिलायन्सचा कारखाना ते बनवतो. झाडं मात्र बहुतेक चीनमधून येतात. नाताळच्या सजावटीची मोठी बाजारपेठ यीवू शहरात आहे. सीमाशुल्काच्या वहीत या मालाला 9505 10 हे स्वतंत्र उपशीर्षक आहे, आणि तो उतरवून घेणारं मोठं बंदर, न्हावा-शेवा, आपल्याच रायगडात, उरण तालुक्यात.

प्लास्टिकच्या आधी कोकणात काय होतं? सुरू. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे एका काठावर रेवदंडा आणि दुसऱ्यावर कोर्लई. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून बोलली जाते. या साऱ्या किनाऱ्याला सुरूची बनं आहेत, आणि कोकण-गोव्यातल्या अनेक घरांनी सुरूच्या फांदीलाच नाताळचं झाड मानलं. सुरूही मूळची इथली नव्हे, हे मला फार आवडतं.

मग प्लास्टिकचं झाड घ्यावंच का? ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टच्या हिशेबाने दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन उत्सर्जन होतं. ते दहाएक वर्षं वापरलं तरच तोडलेल्या झाडाच्या बरोबरीला येतं. सुरूच्या एका फांदीशी तुलना केली तर बहुधा त्याहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे प्रश्न घेण्याचा कमी आणि टिकवण्याचा अधिक. कोकणात गाठ पावसाळ्याशी असते. सुया तगतात, गंजतात त्या बिजागऱ्या आणि स्टँड. म्हणून जानेवारीत घेताना हिरवाईवर भाळू नये. फांद्या उघडझाप करून बघाव्यात, स्टँडचे स्क्रू तपासावेत. घरी आणल्यावर ते कोरड्या माळ्यावर, उन्हापासून दूर ठेवावं, कारण उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं.

शिवाय ते वर्षातून एकदाच बाहेर काढायचं, असं कुणी सांगितलंय? सजावटीच्या थर्मोकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली, आणि मखरामागची जागा कृत्रिम पानांनी, वेलींनी झपाट्याने भरून काढली. हिरव्या फांद्या सुट्या होत असतील तर गणपतीच्या आराशीत त्या खुशाल लावाव्यात. बाप्पाची हरकत नसावी. एकाच वस्तूने दोन सण निभावले तर तिची दहा वर्षं लवकर सार्थकी लागतात.

कृत्रिम फुलांची गोष्ट मात्र निराळी. जुलै 2025 मध्ये फलोत्पादन मंत्री आणि याच जिल्ह्यातल्या महाडचे आमदार भरत गोगावले यांनी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणण्याचं विधिमंडळात सांगितलं. फुलशेतीवाल्यांची तक्रार रास्त आहे: दसऱ्याला दाराला लागलेलं प्लास्टिकचं तोरण हे न विकल्या गेलेल्या झेंडूचं तोरण असतं. पाइनची शेती रायगडात कुणी करत नाही, त्यामुळे प्लास्टिकचं पाइन इथल्या कुणाच्या पोटावर पाय देत नाही. प्लास्टिकचा झेंडू देतो. खरेदीला गेल्यावर एकाच दुकानात, एकाच फळीवर या दोन्ही वस्तू शेजारी शेजारी मिळतील. त्यातली एक घ्यावी आणि दुसरी तिथेच ठेवावी.