एका ब्रेकच्या अनंत वाटा

नगरजवळच्या भिंगारकरांना लष्करी गाड्यांचा खडखडाट नवा नाही. नगरच्या वाहननगरात तर डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था वाहनं ट्रॅकवर पळवून तपासते. अशा ट्रॅकवर एबीएस असलेल्या गाडीचा ब्रेक करकचून दाबला, तर आत काय घडतं?

वेग सलग उतरतो, मधला एकही आकडा न गाळता. पण चाक घसरणार असं दिसताच संगणक ब्रेकचा दाब सोडतो. चाक फिरू लागलं की पुन्हा चढवतो. सेकंदात अनेक वेळा! वाहती गती आणि तडकाफडकी निर्णय, दोन्ही एकाच यंत्रात. यालाच हायब्रिड नियंत्रण म्हणतात.

हे मिश्रण किती चकवतं पाहा. चेंडू एक मीटरवरून सोडा आणि दर टप्प्याला त्याचा वेग निम्मा होतो असं धरा. गणिताप्रमाणे सुमारे १.३५ सेकंदांत टप्पे किती? अनंत! एकेक टप्पा मोजणारा प्रोग्रॅम तिथंच अडकेल.

मग ब्रेकची खात्री कशी करायची? सिम्युलिंक हे सॉफ्टवेअर मॉडेल चालवून दाखवतं: हा वेग, हा ओला रस्ता, हा निकाल. पण वेग किंचित वाढला तर? हजारदा चालवा, अनंत शक्यता उरतातच.

ग्रेनोबलमधल्या संशोधकांचं २०११ मधलं स्पेस-ईएक्स हे साधन वेगळाच मार्ग धरतं. एका पायवाटेनं शेत पाहण्याऐवजी ते शेतात पाणीच सोडतं, तेही मुद्दाम जरा जास्त. तरीही धोक्याचा कोपरा कोरडा राहिला, तर मॉडेलमधली एकही वाट तिथं पोचत नाही! शंभराहून अधिक चलं असलेली मॉडेलंही त्याला झेपतात. गतीचे नियम मात्र सरळ, रेषीय हवेत.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचं २०१५ मधलं कीमेरा-एक्स आकडेमोडीऐवजी सिद्धता रचतं. गतीचे नियम वाकडे असले तरी चालतं, पण माणसाला बरेचदा मदतीला बसावं लागतं. आणि अनंत हालचालींवरचा तो निकाल ज्या गाभ्यावर विसंबतो, तो जेमतेम १,७०० ओळींच्या कोडचा!

या सगळ्यांना पुरून उरेल असा एकच प्रोग्रॅम का नाही? मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेले प्रवीण वरैया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की अगदी साध्या वाटणाऱ्या हायब्रिड मॉडेलांबाबतही दरवेळी अचूक हो-नाही सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. म्हणून २०१७ पासून दरवर्षी अशी साधनं सामाईक प्रश्नसंचांवर मैत्रीपूर्ण स्पर्धेत उतरतात. तिथं पाहायचं एवढंच, की कुठल्या प्रश्नाला कुठलं साधन लागू पडतं. ब्रेकसाठी तर तिन्ही हवीत: सिम्युलिंकनं चूक हुडकावी, स्पेस-ईएक्सनं वेगांचा सगळा पट्टा तपासावा आणि मूळ नियम कीमेरा-एक्सनं सिद्ध करावा.