नदीचे शिंपले आणि बियाण्याचा न्याय

बी, खत, औत व बाजारभाव यांविषयी वाचण्याची सवय असलेल्या आमच्या शेतकरी बंधूंस नदीतल्या शिंपल्याचा विषय काहीसा विलक्षण वाटेल. परंतु अलीकडे शेततळ्यात मोत्यांची शेती करण्याकडे पुष्कळांचा कल झाला आहे, व तीस लागणारा जिवंत शिंपला बहुतकरून नदीनाल्यांतूनच वेचून आणितात. सबब हा विषय आता आपल्या बांधापर्यंत येऊन ठेपला आहे.

आमचे वारजे गाव मुठेच्या डाव्या काठी आहे. 1997 साली ते पुणे महानगरपालिकेत गेले. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे डोहाच्या काठच्या वाळूत शिंपले सापडत, व ते घासून स्वच्छ करून घरातील बायका त्यांनी तान्ह्या मुलांस दूध पाजीत. आज त्या पात्रात शहराचे सांडपाणी व गाळ यांचेच राज्य आहे.

शिंपला हा प्राणी पाणी आत घेऊन त्यातील शेवाळाचे सूक्ष्म कण खातो व निवळ पाणी बाहेर सोडितो. आपल्या बाजूस लॅमेलिडेन्स व पॅरेसिया या दोन वंशांतील शिंपले आढळतात. त्यांची उत्पत्ती मात्र चमत्कारिक आहे. मादी आपल्या कल्ल्यांत अंडी वाढवून सूक्ष्म पिले पाण्यात सोडिते. ती माशाच्या कल्ल्यांस किंवा परांस चिकटतात, काही दिवस तेथे राहून मग तळाशी गळून पडतात. मासा न मिळाल्यास पिलू मरते. अर्थात मासा जाईल तेथवरच शिंपल्याचा वंश पसरतो.

आता मुठेकडे पाहा. खडकवासल्याचे धरण 1879 च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या वर आंबीवर पानशेत, मोशीवर वरसगाव व मुठेवर टेमघर अशी आणखी तीन धरणे आहेत. मासा भिंत ओलांडून वर चढत नाही; त्यामुळे पूर्वी एक असलेला शिंपल्यांचा समाज अशा ठिकाणी तुकड्या-तुकड्यांनी विभागला जातो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बाजरीचे बी वर्षानुवर्षे दोनचार कणसांतूनच धरले, तर पीक हलके पडते, हे आपण जाणताच. लहान व तुटक्या समाजात हेच घडते. काही जनुके केवळ योगायोगाने नाहीशी होतात, जवळच्या नात्यात संकर होतो, आणि दुष्काळ किंवा रोग आला असता तग धरणारे थोडेच उरतात. शिंपला पुष्कळ वर्षे जगत असल्यामुळे हा ऱ्हास लवकर दिसत नाही. मोठे शिंपले दिसतात, पण लहान एकही नाही, अशी नदी वांझ झालीच म्हणून समजावे.

मग बाहेरून आणून सोडावे काय? येथेच सावध राहिले पाहिजे. कवचाचा आकार पाण्याच्या ओढीप्रमाणे बदलतो, म्हणून दिसण्यात सारखे असलेले दोन शिंपले वंशाने निराळे असू शकतात. याचा निर्णय जनुकांच्या तपासणीनेच लागतो, व त्यासाठी शिंपला मारावा लागत नाही. मांसाचा लहानसा तुकडा पुरतो. युरोपात 1960 नंतर आशियातून आणलेल्या गवत्या माशांच्या कल्ल्यांवर बसून चिनी तळ्यांतील एक मोठा शिंपला गेला, आणि तो तेथील अनेक देशांत पसरला. माशांच्या बियाबरोबर काय येते, हे यावरून कळावे.

तात्पर्य, मोत्यांची शेती करणारांनी चार गोष्टी पाळाव्यात. एक, आपल्याच खोऱ्यातील शिंपले घ्यावेत. दोन, एकाच डोहातून सगळे उचलू नयेत. लहान व पिले धरलेल्या माद्या सोडून द्याव्यात. तीन, परक्या नदीचे उरलेले शिंपले आपल्या ओढ्यात टाकू नयेत. चार, शिंपले घरीच वाढवावयाचे असल्यास पुष्कळ नरमाद्यांपासून पैदास करावी.

बियाण्याची पोती संपली तर दुकानातून आणिता येतात. नदीचे बियाणे मात्र नदीतच असते. वारज्याच्या डोहात ते आम्ही राखले नाही. ज्यांच्या ओढ्यात अजून शिंपला जिवंत आहे, त्यांनी तरी तो राखावा, इतकीच विनंती.