मत नाही, पण सही आहे

अमेरिकेत १८३० च्या दशकात बायकांना मताधिकार नव्हता. सरकारकडे अर्ज करण्याचा हक्क मात्र राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत होता आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या स्त्रियांनी हीच वाट धरली.

त्यासाठी गावोगावी मंडळं निघाली. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी १८३२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांनी मंडळ काढलं. पुढच्याच वर्षी बॉस्टन आणि फिलाडेल्फियात मंडळं उभी राहिली. फिलाडेल्फियात चळवळीतल्या कार्यकर्त्या ल्युक्रेशिया मॉट यांच्याबरोबर फोर्टन या कृष्णवर्णीय घराण्यातल्या मायलेकीही संस्थापक होत्या.

काय मागायचं, हेही नीट ठरवलेलं असे. राज्यांतली गुलामगिरी त्या त्या राज्याच्या कायद्यानं चाले. तिथे काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, हात पोहोचत नव्हता. राजधानी वॉशिंग्टन मात्र थेट काँग्रेसच्या अखत्यारीत. म्हणून बहुतेक अर्जांत मागणी असे ती राजधानीतली गुलामगिरी बंद करण्याची.

छापील मजकूर हाती आला की कार्यकर्त्या गावाचे भाग वाटून घेत. घरोघर जायचं, मजकूर वाचून दाखवायचा, शंकांना उत्तरं द्यायची, सही मागायची. कुठे दार तोंडावर आपटलं जाई. पुष्कळ अर्जांवर मतदार पुरुष आणि स्त्रिया यांचे रकाने वेगळे असत. सह्यांचे कागद एकाखाली एक चिकटवून काँग्रेसच्या सदस्याकडे पाठवले जात. चळवळीच्या खर्चासाठी बायका हातानं शिवलेल्या, विणलेल्या वस्तू विकत.

अर्जांचा ओघ वाढला, तसं १८३६ मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहानं ठरवलं की गुलामगिरीविषयीचे अर्ज चर्चेविनाच बाजूला ठेवायचे. त्याचा परिणाम उलटाच झाला. अर्जाचा हक्कच जातोय म्हटल्यावर एरवी या प्रश्नापासून लांब राहणारेही सही करू लागले. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कला गुलामगिरीविरोधी स्त्रियांची परिषद भरली आणि सह्यांच्या कामाला तिनं आणखी जोर दिला. प्रतिनिधिगृहाचे सदस्य असलेले माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हे अर्ज नेटानं मांडत राहिले. अखेर १८४४ मध्ये अर्ज बाजूला ठेवण्याचा तो नियम रद्द झाला.

पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात हीच पद्धत पुन्हा कामी आली. स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांच्या संघटनेनं देशभरातल्या गुलामगिरीबंदीसाठी सुमारे ४ लाख सह्या गोळा केल्या. १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. लिंगावरून मताधिकार नाकारता येणार नाही, हे राज्यघटनेत यायला मात्र १९२० साल उजाडलं.