कडपट्टी बदलताना

शाळेतल्या जुन्या सागवानी कपाटाची झिजलेली कडपट्टी बदलण्यापूर्वी लाकडाच्या तंतूंची दिशा पाहावी. पावसाळ्यात तंतूंच्या भिंती हवेतील ओलावा शोषून जाड होतात. तंतूंची लांबी मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. (मे आणि ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांकडून रुंदी मोजून घ्यावी.) तंतूंना समांतर असलेली पट्टी खुशाल सलग चिकटवावी. फळीच्या टोकाला आडवी बसणारी पट्टी सर्वत्र जखडली, तर आकसताना फळीच तडकते! तिला फक्त मध्यभागी सरस लावावा आणि दोन्ही टोकांना लांबट भोकांतून स्क्रू द्यावेत. प्लायवूडचे थर एकमेकांशी काटकोनात असल्याने तेथे ही अडचण फारशी येत नाही. जनावरांच्या हाडांचा जुना सरस गरम ओल्या फडक्याने मऊ होतो. पटाशीची घाई नको.