येलहंकाला जायचं तर

जानेवारी संपत आला की उत्तर बंगळुरूतल्या मटणाच्या दुकानांना महापालिकेची नोटीस येते. दर वर्षी नाही, एकाआड एक वर्षी. २०२३ साली येलहंका हवाई तळापासून १० किलोमीटरच्या आतली मांस-मासळीची दुकानं आणि मांसाहारी खाणावळी ३० जानेवारी ते २० फेब्रुवारी बंद ठेवायला सांगितलं होतं. २०२५ साली हे अंतर १३ किलोमीटर झालं आणि मुदत २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी. यात सोवळ्याओवळ्याचा काही संबंध नाही. उघड्यावर टाकलेल्या आतड्या-कातड्यांवर घारी घिरट्या घालतात, आणि जमिनीलगत सुसाट जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात एक घार शिरली तरी अनर्थ होतो. १९३७च्या विमान नियमांतला ९१वा नियम नेमका यासाठीच आहे.

हा सारा खटाटोप ‘एरो इंडिया’साठी. भारतातलं हे सगळ्यात मोठं विमानप्रदर्शन १९९६ साली सुरू झालं. आता ते विषम वर्षी, फेब्रुवारीत भरतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने ही खाटकांची नोटीस ध्यानात ठेवावी. आकाशातल्या काही मिनिटांच्या कसरतींसाठी जमिनीवर तीन-तीन आठवडे बंदोबस्त करावा लागतो, आणि प्रेक्षकाचीही गत तीच आहे. कोणतं विमान कधी उडणार याची यादी पाठ करून आलेला माणूस बल्लारी रस्त्यावरच्या कोंडीत अडकतो. पास, रस्ता, पाणी आणि परतीची वेळ आधी ठरवून आलेला माणूस मात्र पोटभर पाहून जातो.

सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं की हा मूळचा बाजार आहे. संरक्षण मंत्रालय तो भरवतं, जगभरच्या कंपन्या माल मांडतात, आणि आकाशातल्या कोलांट्या बऱ्याचदा विक्रीचाच भाग असतात. २००७चं उदाहरण घ्या. भारतीय हवाई दलाला १२६ लढाऊ विमानं हवी होती, निविदा निघायची होती. त्या फेब्रुवारीत येलहंकाला एफ-१६ आलं, एफ/ए-१८ आलं, रशियाने मिग-३५ आणलं. ६९ वर्षांचे रतन टाटा एक दिवस एफ-१६मध्ये आणि लगेच दुसऱ्या दिवशी एफ/ए-१८मध्ये सहवैमानिकाच्या आसनावर बसून फिरून आले. वर्तमानपत्रांना छायाचित्रं मिळाली, कंपन्यांना प्रसिद्धी. पुढे त्या १२६ विमानांचा व्यवहार २०१५ साली गुंडाळला गेला आणि २०१६ साली फ्रान्सशी ३६ राफेलचा करार झाला. टाटांनी उडवून पाहिलेल्या दोन्हींपैकी एकही विमान हवाई दलात आलं नाही.

२०२५ साली हाच खेळ आणखी रंगला. अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ एकाच धावपट्टीच्या काठाला हजर होते. प्रदर्शन चालू असतानाच, १३ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनमध्ये मोदींच्या शेजारी उभं राहून ट्रम्प यांनी भारताला एफ-३५ देण्याची वाट मोकळी करत असल्याचं जाहीर केलं. हे ठाऊक असलेल्याला परदेशी विमानासमोरची कोट-टायवाल्यांची लगबग कंटाळवाणी वाटत नाही. किंबहुना ती विमानाइतकीच पाहण्यासारखी असते.

बाजार असल्यामुळे पहिले दिवस व्यापाऱ्यांचे असतात. २०२५ साली पाच दिवसांपैकी पहिले तीन त्यांना आणि शेवटचे दोन सर्वसामान्यांना दिले होते. पासाचे प्रकार नीट वाचायला हवेत, कारण नवखे लोक हमखास फसतात ते इथेच. स्वस्त पास एअर डिस्प्ले व्ह्यूइंग एरियाचा, म्हणजे ‘एडीव्हीए’चा, २०२५ साली तो १,००० रुपयांना होता. त्यावर फक्त कसरती पाहता येतात. उभी करून ठेवलेली विमानं आणि कंपन्यांची दालनं बघायची असतील तर सर्वसाधारण पास लागतो, तो २,५०० रुपयांना होता. चौघांच्या कुटुंबाला हा फरक लहान नाही. तरी पहिल्याच भेटीत महागडा पास घ्यावा आणि घरातल्या ज्याला विमानांचं खरोखर वेड आहे त्यानेच जावं, हे बरं. लहान मुलांना दालनांतल्या रडारच्या सुट्या भागांत अर्ध्या तासापलीकडे रस उरत नाही.

आता प्रवास. विमानाने जाऊन विमानं बघण्यात एक अडचण आहे. केम्पेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ हवाई तळाच्या उत्तरेला, अगदी शेजारी म्हणावा इतका जवळ आहे. त्यामुळे प्रदर्शनाच्या आणि सरावाच्या दिवशी ठरावीक तासांत तिथली उड्डाणं थांबवतात आणि वेळापत्रक उलटंपालटं होतं. मुंबई, पुणे, सोलापूरकरांना उद्यान एक्स्प्रेस सोयीची. ती बंगळुरूच्या मुख्य स्थानकात पोचण्याआधी येलहंकालाच थांबते. मुक्काम शहराच्या मध्यात न करता उत्तरेला, हेब्बाळच्या पलीकडे करावा. शहराकडून तळाकडे जाणारा बल्लारी रस्ता हाच विमानतळाचाही रस्ता आहे. प्रदर्शनाच्या सकाळी तो किती तास घेईल याचा अंदाज टॅक्सीवालेसुद्धा देत नाहीत.

स्वतःची गाडी थेट तळापर्यंत न्यायचा मोह आवरावा. २०२५ साली जीकेव्हीके, म्हणजे कृषी विद्यापीठाच्या आवारात आणि जक्कूरच्या छोट्या विमानतळावर मोफत वाहनतळ होता. तिथून महानगर परिवहनाच्या बसगाड्या तळापर्यंत सोडत होत्या. ही सोय चांगली होती. २३ फेब्रुवारी २०१९चा शनिवार आठवला की ती आणखी चांगली वाटते. त्या दिवशी तळाजवळच्या वाहनतळावरच्या वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि सुमारे ३०० गाड्या जळून खाक झाल्या. सुदैवाने माणसं वाचली.

ऊन हा त्याहून मोठा शत्रू. बंगळुरू थंड हवेचं म्हणून लोक बेफिकीर येतात. पहाटे स्वेटर लागतो हे खरं, पण तळ समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे आणि फेब्रुवारीतलं दुपारचं कोरडं ऊन झोंबतं. धावपट्टीच्या कडेला झाड नाही. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या वर्धापनदिनाच्या कसरती पाहायला लाखो लोक लोटले. भर दुपारचं ऊन, पाण्याची वानवा आणि परतीची गर्दी यांत पाच जणांचा जीव गेला. विमानं सुखरूप उतरली होती. तेव्हा टोपी, पाणी, मीठ-साखरेची पुडी आणि दुपारचा कार्यक्रम संपायच्या पंधरा मिनिटं आधी उठायची मनाची तयारी, एवढं बरोबर असावं. ड्रोन मात्र घरी ठेवावा; हवाई तळावर तो नेणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण.

कसरती साधारणपणे सकाळी आणि दुपारी अशा दोनदा होतात. सकाळची वेळ घ्यावी. हवा स्वच्छ असते, मानही अजून दुखत नसते. नवख्यांच्या डोळ्यांची सवय मोडायला थोडा वेळ लागतो. कान ऐकतो तिकडे मान वळते, आणि तिथे आकाश रिकामं असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. एक किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज पोचायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८०० किलोमीटर वेगाचं विमान साडेसहाशे मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाजाच्या पुढे बघायचं. आफ्टरबर्नर लावून सुखोई वर झेपावतं तेव्हा छातीचा पिंजरा हादरतो, लहान मुलं रडू लागतात. कानात बोळे हवेतच. कॅमेरा असेल तर जेटसाठी शटर वेगवान आणि पंख्याच्या विमानासाठी सावकाश ठेवावं. वेगवान शटरने पंखा गोठतो आणि उडतं विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. आणि एक अख्खा कार्यक्रम तरी कॅमेरा पिशवीत ठेवून पाहावा.

हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकासाठी सगळे थांबतात. नऊ हॉक विमानं एकमेकांपासून जेमतेम पाच मीटरवर उडतात. पथकाचा तळ बिदरला, मराठवाड्याच्या उशाशीच. १९९६ साली ते किरण विमानांवर सुरू झालं. २०११ साली प्रशिक्षण विमानांची टंचाई पडली म्हणून थांबवलं गेलं आणि काही वर्षांनी हॉकवर पुन्हा उभं राहिलं. त्या पाच मीटरची किंमत येलहंकाने पाहिली आहे. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळले आणि विंग कमांडर साहिल गांधी मृत्युमुखी पडले. प्रेक्षकांना धावपट्टीपासून इतकं लांब का बसवतात म्हणून कुरकुर ऐकू येते. तिचं उत्तर पश्चिम जर्मनीतल्या रामस्टाइनला आहे. २८ ऑगस्ट १९८८ रोजी तिथे इटालियन पथकाची तीन विमानं एकमेकांवर आदळली, एक गर्दीत कोसळलं आणि ७० माणसं गेली. त्यानंतर अनेक देशांत विमानं थेट गर्दीच्या दिशेने आणण्यावर बंधनं आली.

जमिनीवरच्या दालनांत मराठी पाहुण्याने ‘एचएएल’चं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, दालन चुकवू नये. ही कंपनी सरकारने काढलेली नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला भागीदार करून तिची बंगळुरूत स्थापना केली. विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी प्रवासात पडलेली गाठ त्यांना उपयोगी पडली. महायुद्ध भडकत गेलं, कारखाना इंग्रजांना हवासा झाला आणि १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आज येलहंकाच्या आकाशात गरगर फिरणारी सुखोई-३० विमानं याच कंपनीच्या नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात जोडली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथूनच उडालं. म्हणजे बंगळुरूत जाऊन जे पाहायचं त्यातलं बरंचसं नाशिककरांच्या घरावरून रोज जातं.

ज्याला इतक्या लांबचा घाट घालायचा नसेल त्याने आधी जवळपास चाचणी घ्यावी. जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाने मुंबईत मरीन ड्राइव्हवर तीन दिवस कसरती केल्या, त्याही फुकट. प्रवासी विमानांत रस असेल तर हैदराबादच्या बेगमपेठला सम वर्षी भरणारं ‘विंग्ज इंडिया’ आहे. तिथे लढाऊ विमानांचा गडगडाट कमी आणि एअरलाइन्सच्या घोषणा जास्त.

आणि येलहंकाला जाऊनही पास मिळाला नाहीच, तर आदल्या आठवड्यातल्या सरावाच्या तारखा बघाव्यात. त्या दिवसांत बरीचशी तीच विमानं, त्याच कसरती करतात. आसपासच्या गच्च्या भरलेल्या असतात, कुणी ओळखीचं निघालं तर चहाही मिळतो. फक्त उड्डाणपुलावर दुचाकी थांबवून आकाशाकडे बघू नये. वाहतूक पोलीस त्यासाठीच उभे असतात.