मंत्रिपद आले आणि विद्यापीठ उभे राहिले

निवडणुका आल्या की आपल्या वस्त्यांतून एकच चर्चा रंगते. तिकीट कोणाला आणि मंत्रिपद कोणाला? त्या मंत्रिपदातून समाजाच्या मुलांना काय मिळाले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. म्हणून आज आम्ही केरळातील एका नेत्याची ओळख करून देत आहोत. त्यांचे नाव सी. एच. महंमद कोया, पक्ष मुस्लिम लीग.

कोया यांचा जन्म १९२७ सालचा, कोळिकोडजवळच्या अथोळी गावचा. लीगच्या 'चंद्रिका' या मल्याळम दैनिकाचे ते संपादक होते. १९५७ मध्ये केरळच्या पहिल्याच विधानसभेत ते निवडून आले. १९६१ मध्ये, वयाची पस्तिशी गाठण्याआधीच, ते सभापती झाले. पण त्यासाठी त्यांना लीगच्या सदस्यत्वाचा राजीनामा द्यावा लागला. सोबतच्या काँग्रेसची तशी अट होती. पद हवे असेल तर आपल्या माणसांची ओळख उंबऱ्याबाहेर ठेवून या, ही अट आपल्यालाही नवी नाही. काही महिन्यांतच त्यांनी ते पद सोडले.

१९६७ मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात कोया शिक्षणमंत्री झाले. त्यांचा मलबार १९५६ पर्यंत मद्रास राज्यात होता. त्रावणकोर-कोचीनच्या मानाने तेथे शिक्षण फार मागे होते. मलबारच्या महाविद्यालयांना ज्या केरळ विद्यापीठाशी जोडले होते, ते सुमारे ४०० किलोमीटर दूर, तिरुवनंतपुरमला! कोया मंत्री असतानाच १९६८ मध्ये कालिकत विद्यापीठ स्थापन झाले. मलबारच्या गरीब घरांतील मुलामुलींना उच्च शिक्षण आवाक्यात आले.

पुढे सरकारे बदलली, मुख्यमंत्री बदलले, तरी शिक्षण खाते पुन्हा पुन्हा कोया यांच्याकडे आले. १९७९ मध्ये ते दोन महिन्यांहूनही कमी काळ मुख्यमंत्री होते. १९८३ मध्ये उपमुख्यमंत्री असताना हैदराबादला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने केरळ सरकारने अल्पसंख्याक मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. मुख्यमंत्रिपदाचे ते थोडे दिवस लोक विसरतील, पण विद्यापीठ आणि शिष्यवृत्ती विसरणार नाहीत.

धर्माच्या नावावर पक्ष काढणे आम्हांला मान्य नाही. बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष, जो १९५७ मध्ये स्थापन झाला, तो सर्वांसाठी होता, केवळ बौद्धांसाठी नव्हता. धर्मावर उभा राहिलेला पक्ष आपल्याच समाजाभोवती कुंपण घालतो, अशी भीती आम्हांला वाटते. पण मतभेद असले म्हणून चांगल्या कामाकडे डोळेझाक करणे हा काही बाबासाहेबांचा मार्ग नव्हे.

बाबासाहेबांनी तर शिक्षणसंस्थाच उभ्या केल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये त्यावेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय त्यांनी उभे केले. एका संस्थेच्या बळावर एवढे होते, तर सरकारची सत्ता हाती असताना किती व्हायला हवे!

म्हणून माता-भगिनींना आमचे सांगणे आहे. उद्या मत मागायला आपला माणूस दारी आला तर त्याला जरूर पाणी द्या, जयभीम करा. पण एक प्रश्न अवश्य विचारा: "भाऊ, आमच्या मुलीच्या शिक्षणासाठी तुम्ही काय केले?"