उंधियूच्या दिवसांत पोटाचा गुबारा

डिसेंबर लागला की बारडोलीच्या भाजीबाजारात सुरती पापडीचे ढीग पडतात. मी माहेरची नंदुरबारची, रेल्वेच्या ताप्ती लाइनीनेच लग्न होऊन इथे आले. पहिल्याच हिवाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "पापडी वातूळ गं, ओव्याशिवाय चुलीवर चढवायची नाही. नाहीतर पोटात गुबारा धरतो."

पापडी, वाल, हरभरा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. मग त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. थोडा गॅस प्रत्येकालाच होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओवा-हिंगाने बरं वाटतं, पण साखरा जागच्या जागीच राहतात.

त्या कमी करायच्या तर भिजवण हाच खरा उपाय. मी सुके वाल रात्रभर भिजवते, ते पाणी ओतून देते आणि फडक्यात बांधून मोड आणते. मग कोमट पाण्यात टाकून चिमटीत दाबले की साल हातात राहतं आणि डाळिंबी टुपकन बाहेर पडते. वेळखाऊ काम आहे, पण पोट दुसऱ्या दिवशी गप्प राहतं.

ओल्या पापडीला ही सोय नाही, तिथे वाढपच आवरायचं. त्यातून उंधियूत पापडीबरोबर कंद, रताळी, बेसनाची मुठियं, शिवाय तेलाचा तवंग. तेलाने जठर सावकाश रिकामं होतं. त्यावर लोक सोडा पितात. येणारा ढेकर बराचसा बाटलीतल्याच वायूचा असतो! जेवून लगेच आडवं होण्यापेक्षा शतपावली कितीतरी बरी.

दर वेळी कडधान्यच दोषी असतं असं नाही. मोठेपणी अनेकांना दुधातली साखर पचत नाही. त्यांना बासुंदी बाधते, दही सोसतं. कांदा, लसूण आणि गव्हातल्या फ्रुक्टॅननेही पोट तडतडतं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने असे पदार्थ टाळून पाहण्याची आहारपद्धती तयार केली. त्यात ते काही आठवडे बंद करून एकेक परत घेतात, पण हे आहारतज्ज्ञाला विचारूनच. बद्धकोष्ठ, भराभर जेवणं, पाळीआधीचे दिवस यांनीही पोट फुगतं.

वजन उतरणं, शौचात रक्त, सतत उलट्या असं काही दिसलं तर घरगुती औषधं बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. बायकांसाठी आणखी एक : पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला, हटत नसलेला गुबारा आणि दोन घासांत भरणारं पोट ही अंडाशयाच्या कर्करोगाचीही लक्षणं असू शकतात. त्यासाठी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात. आमच्या भिशीतल्या बायकांना मी या तपासण्या नावानिशी पाठ करून घ्यायला लावल्या आहेत.